पुढचा उजवा खांदा

चार माणसं एकाच ओझ्याखाली पाच कोस चालली की किस्से आपोआप होतात, करावे लागत नाहीत! त्यात आमच्या मंडळात गप्प बसायला बंदी होती. ती का, ते सांगतोच. आता मी आठवायला बसलो की एका किश्शाचं शेपूट धरून दुसरा येतो आणि घरातली मंडळी म्हणतात, "झालं यांचं सुरू!"

आमचं गाव कळमनुरीच्या बाजूला. काळ निजामाच्या राज्याचा, सन पस्तीस-चाळीसचा. मोठा दवाखाना हिंगोलीला, पाच कोसांवर. उन्हाळ्यात बैलगाडी जायची. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल व्हायचा, की चाकं पुढं जायच्याऐवजी खाली जायची. मग आजारी माणसाला बाजेवर निजवायचं, बाजेच्या दोन्ही अंगांना बांबू बांधायचे आणि चार खांद्यांवर दवाखाना गाठायचा. हे काम करणारे आम्ही चौघं.

पुढं उजवीकडं धोंडूअण्णा. घरची थोडी शेती, आणि आमचे म्होरके. पुढं डावीकडं कोंडिबा धनगर, उंच इतका की कुणाच्याही दारातून आत जाताना त्याला वाकून नमस्कारच करावा लागे. मागं उजवीकडं रसूलभाई पिंजारी. आणि मागं डावीकडं मी, गावचा शिंपी. खांद्याची मापं घेणं हा तर माझा धंदाच! चौघांच्या खांद्यांवरच्या गाद्या मीच शिवल्या. कोंडिबाची पातळ, माझी चांगली जाडजूड. तेव्हा कुठं बाज सपाट राहायची.

* * *

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. अण्णांची बायको, गंगाकाकू, भर पावसाळ्यात आजारी पडली. तिला घेऊन निघालेली गाडी गावाबाहेरच्या ओढ्यापाशी रुतली. बैल थकले, माणसं लागली, चाक काही हललं नाही. काकू तिथंच, गाडीत गेली.

तेव्हापासून अण्णांनी बोलणंच टाकलं. शेतात जायचे, परत यायचे, ओसरीवर बसायचे. काही विचारलं तर मान हलवायचे. झोप उडालेली. पोटी लेकरू नाही. आम्हाला धास्ती वाटायची, की हा माणूस असाच बसल्या बसल्या संपून जाईल.

पुढच्या श्रावणात शेजारची पारू बाळंतपणाला अडली. पहिलटकरीण, सुईणीनं हात टेकले. पारूच्या नवऱ्यानं रडत रडत गाडी जुंपली. तेवढ्यात अण्णा घरातून बाहेर आले. डोक्यावर गंगाकाकूची बाज! ती गाडीपुढं टाकली आणि वर्षभरानं तोंड उघडलं.

"गाडी सोड. मानसं बलाव."

तिथं जे उभे होते तेच लागले. कोंडिबा, रसूलभाई आणि मी. दुपार कलताना हिंगोली गाठली. दिवेलागणीला नर्सबाई बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी झाली, दोघी सुखरूप." पारूचा नवरा राहिला बाजूला, अण्णाच ओक्साबोक्शी रडायला लागले! रडता रडता त्यांची नजर माझ्याकडं गेली. माझा एक खांदा वर आणि एक खाली झाला होता.

"शिंप्या," अण्णा म्हणाले, "तुझा सदरा आता तुलाच बसायचा न्हाई!"

आणि हसले. वर्षभरातलं पहिलं हसू! मला माझ्या खांद्याचं दुखणं त्या क्षणी गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडू झालं, ते सोडा.

* * *

आता त्या बंदीचं. चार माणसं खांद्यावर काहीतरी घेऊन मुकाट चालली आहेत म्हटल्यावर बघणारा काय समजणार? रस्त्यावरची माणसं बाजूला व्हायची, पटके काढायची, हात जोडायची. बाजेवरच्याला हे सगळं दिसायचं. आधीच भ्यालेलं माणूस ते!

म्हणून अण्णांनी कायदा केला. बाजेवर माणूस असला की मोठ्यानं बोलत चालायचं. विषय कोणताही चालेल.

"मुक्यानं न्यायची ती येगळी," अण्णा म्हणायचे. "आपली बाज बोलती पाहिजे!"

कोंडिबाला मेंढरांशिवाय विषय ठाऊक नव्हता. तो एकेका मेंढीची आई, आजी, माहेर, सासर असं सगळं सांगायचा. एकदा एका म्हातारीला आम्ही फणफणत्या तापात नेलं. ग्लानीत होती, ती काय ऐकणार, असं आम्हाला वाटलं. महिन्यानं म्हातारी काठी टेकत कोंडिबाच्या मेंढवाड्यावर हजर!

"बरं वाटून राहिलं का, आजी?"

"मला बरंच हाय रे. त्या लंगड्या मेंढीचं पुढं काय झालं, ते सांग आधी!"

* * *

गावात सगळ्यांनाच आमचं कौतुक होतं असं नाही. आमचे पाटील शकुन-अपशकुनवाले. सकाळी आम्हा चौघांपैकी कुणी समोर आलं की घोडी माघारी वळवायचे. "यमाचे हमाल निगाले सकाळी सकाळी!" असं आम्हाला ऐकू येईल इतक्या हळू म्हणायचे.

एकदा त्यांनी अण्णांना पारावर गाठलं.

"धोंडू, एक सांग. कुनाची कोन मानसं, त्यांची वझी काहून वाहून राहिलास? तुला काय भेटतं ह्यात?"

अण्णांनी बराच विचार केला.

"झोप भेटते, पाटील."

"झोप?"

"व्हय. गंगू गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत न्हवता. हिंगोलीहून आलो की सकाळपर्यंत घोरतो बघा. माज्यासारखा सुखी मानूस न्हाई गावात!"

पाटलांना ते काही पटलं नाही. ते घोडीवर बसून गेले.

* * *

आणि ही घोडीच एक दिवस आखाडा बाळापूरच्या बाजाराजवळ चिखलात घसरली! पाटलांचा पाय मोडला. निरोप आला तसे आम्ही बाज घेऊन पळालो. पाटील म्हणजे चांगलं भरलेलं पोतं. बाजेवर घातले आणि ऊन लागतंय म्हणून त्यांनीच आपलं पांढरं उपरणं तोंडावर ओढून घेतलं.

वाट भर बाजारातून होती. त्या वजनानं आमचे प्राण कंठाशी आलेले. बोलायचा कायदा कुणाच्या लक्षात राहणार? चौघंही दात आवळून, माना खाली घालून निघालो.

बाजार हळूहळू शांत झाला. बांगडीवाली उठून उभी राहिली. बाप्यांनी पटके काढले. कुणीतरी "चांगला मानूस गेला वाटतं," म्हणालं. एका फुलवाल्यानं पाटीतली ओंजळभर झेंडूची फुलं उचलली आणि भक्तिभावानं बाजेवर टाकली.

उपरण्याखाली पाटलांनी एवढा वेळ दम धरला होता. तोंडावर फुलं पडली तसे ताडकन उठून बसले आणि ओरडले, "आरं, अजून हाय मी!"

बाजार जो फुटला! केळीवाला केळी टाकून पळाला. बांगडीवाली देवळात शिरली. फुलवाला तर जागच्या जागी बसला, त्यालाच पाणी पाजावं लागलं. कोंडिबाला असं हसू लोटलं, की पुढचा डावा कोपरा खाली गेला आणि पाटील "धरा! धरा!" करून नव्यानं ओरडायला लागले.

हिंगोलीपर्यंत मग पाटील एकटेच बोलत होते. सगळ्या शिव्याच होत्या, पण कायद्याप्रमाणं बाज बोलती होती!

पाय जुळल्यावर एक दिवस पाटील आपण होऊन आले. रसूलभाईंना ताप होता आणि आम्हाला चौथा खांदा हवा होता. "मी येतो," म्हणाले. पाटील पाच कोस आले, परतले आणि घरी जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी उठेनात, तेव्हा पाटलीणबाईंनी घाबरून त्यांच्या नाकाशी सूत धरलं!

संध्याकाळी पाटील अण्णांकडं आले. "धोंडू, तुजं बराबर हाय. झोप भेटते."

* * *

मग निजामाच्या राज्याचे शेवटचे, वाईट दिवस आले. रस्त्यांवर दोन्ही बाजूंचे बंदुकवाले हिंडायला लागले. कोण कुणाचा हे विचारल्याशिवाय कुणी कुणाला पुढं जाऊ देईना. रसूलभाईंना त्यांचे लोक म्हणायचे, ती खाट सोड. आम्हाला आमचे लोक म्हणायचे, त्याला सोडा. आम्ही कुणी काही सोडलं नाही. एक कोपरा सोडला तर बाज पडते, इतकं साधं होतं ते.

एकदा एका तापकरी बाईला नेत होतो. वाटेत बंदुकवाल्यांनी अडवलं. चेहरे झाकलेले. त्यांतला एक पुढं आला.

"किसके आदमी हो?"

चुकीचं उत्तर म्हणजे तिथंच खेळ खलास. आणि बरोबर उत्तर कोणतं, ते त्यांचे चेहरे दिसल्याशिवाय कळणार कसं?

अण्णांनी मानेनंच बाजेकडं दाखवलं. "हिचे."

"क्या?"

"ह्या बिमार बाईचे मानसं हौत, साहेब. आज हिचे. उद्या दुसरा कोनी बिमार पडंल, त्याचे."

त्यानं बाजेवरच्या बाईकडं बघितलं आणि तो बाजूला झाला. बरंच पुढं गेल्यावर मागून रसूलभाईंचा आवाज आला.

"अण्णा, अच्छा हुआ तुम बोले. मैं तो सोचताच था, किसका नाम लूँ!"

* * *

त्यानंतर अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून ताकीद दिली, की आता खांद्यावर ओझं घ्यायचं नाही, जिवाशी गाठ आहे.

अण्णांच्या जागी पाटील आले. आणि अण्णा पुन्हा ओसरीवर बसले. विचारलं तर मान हलवायचे! छातीच्या दुखण्यापेक्षा त्या मान हलवण्याची आम्हाला जास्त भीती वाटली. पहिल्यांदा त्यांना बाजेनं उठवलं होतं. आता कोण उठवणार?

शेवटी रसूलभाईंनी डोकं लढवलं. एका पोरीला नेताना मुद्दाम ओसरीपुढं बाज थांबवली.

"अण्णा, डाक्टर कंधे को ना बोला. मुँह को ना बोला क्या?"

अण्णांनी वर बघितलं.

"हमारा पाटील शिव्यांशिवाय कुछ बोलताच नहीं. बच्ची क्या सुनेगी?"

अण्णा उठले. पायताण घातलं आणि बाजेच्या शेजारून चालू लागले. त्या दिवसापासून त्यांची नवी ड्यूटी सुरू झाली. आजाऱ्याचा हात धरून, त्याच्या उशाशी बोलत पाच कोस जायचं. ओढ्यापाशी आलं की त्यांचा आवाज सगळ्यात मोठा व्हायचा.

* * *

निजामाचं राज्य गेलं त्या पावसाळ्याच्या शेवटाची गोष्ट. सकाळी पारूची पोरगी पळत आली. "अण्णाआजा बोलंना!"

जाऊन बघतो तर अण्णा छाती धरून ओसरीवर पडलेले. घामानं थबथबलेले. गंगाकाकूची बाज बाहेर काढली, बांबू बांधले, अण्णांना निजवलं. पुढं उजवीकडं पाटील. बाकी आम्ही आपापल्या जागी.

निघालो, पण कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. कोंडिबानं एक मेंढी सुरू केली, ती अर्ध्यावरच राहिली. मी काहीतरी बोलायला गेलो तर हुंदकाच आला. अण्णांचे डोळे मिटलेले. अण्णा मुके, आम्ही मुके.

ओढ्यापाशी समोरून एक गाडीवान आला. आम्हाला बघून खाली उतरला, पटका काढला आणि हात जोडले.

पाटील असे गरजले की त्याचे बैल बुजले. "हात खाली कर! जित्ता हाय आमचा अण्णा!"

मग जी तोंडं सुटली! चौघंही एकदम बोलायला लागलो. कुणाचं कुणाला ऐकू येईना. मेंढ्या, शिव्या, बाजार, सगळं एकात एक. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि आम्ही ओरडून ओरडून गप्पा मारतोय! अण्णांचा हात बांबूवर घट्ट बसला, तेवढा मला मागून दिसला.

दवाखान्याचं फाटक आलं तेव्हा बाजेवरून आवाज आला.

"खाली ठिवा."

ठेवली. अण्णा उठून बसले. मग बांबू धरून उभे राहिले.

"अण्णा, डाक्टरानं..." कोंडिबा म्हणाला.

"ह्या दारातून मी बाजेवर निजून कधी आत गेलो न्हाई. पाटील, माजी जागा सोडा."

पाटील पाटीलकीत कुणाचं ऐकणारे नव्हते. पण त्यांनी खांद्यावरची गादी काढली आणि अण्णांच्या खांद्यावर नीट बसवली. आम्ही रिकामी बाज उचलली. अण्णांच्या कोपऱ्याचा भार कोंडिबानं आपल्याकडं ओढून घेतला, ते अण्णांना कळू न देता. पाटील शेजारून चालायला लागले, आणि कायदा मोडू नये म्हणून मोठ्यानं सांगायला लागले, "तर त्या फुलवाल्यानं माज्या तोंडावर फुलं टाकली अन् मी म्हनलं, आरं, अजून हाय मी!"

अण्णा हसत होते. कपाळावरून घाम गळत होता आणि ते हसत होते.

गलका ऐकून डॉक्टर पायरीवर आले. आमच्याकडं बघितलं, बाजेकडं बघितलं.

"मरीज किधर है?"

अण्णांनी मान वर केली.

"साहेब, आज कुनीच बिमार न्हाई. आज बाज रिकामी आनलीय!"