शेवटच्या बॅचची हवा

कांचनताई रिसबूड यांना जांभईचा भारी राग. ग्वाल्हेरला त्या ज्यांच्याकडे गाणं शिकल्या, त्या गुरुजींसमोर कुणी जांभई दिली की तंबोरा गवसणीत जायचा आणि त्या दिवसाची शिकवणी संपायची. लग्न होऊन भोपाळला आल्या, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मुलांना शिकवू लागल्या, तेव्हा माहेरच्या भांड्याकुंड्यांपेक्षा हा नियमच त्यांनी जास्त जपून आणला होता.

नवऱ्याचा, जितेंद्र रिसबूडांचा, राग वेगळ्याच गोष्टीवर. गळतीवर. ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या तपासणं हे त्यांचं काम. वेल्डिंगवर साबणाचं पाणी फिरवायचं, कुठे बुडबुडा उठतो का ते डोळे बारीक करून बघायचं, उठला की टाकी परत. नोकरी संपेपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही, आणि त्यांच्या हातून पास झालेली टाकी कधी गळली नाही, हे ते लग्नकार्यातही सांगत.

निवृत्तीनंतर भोपाळमध्येच बाग सेवनियाला घर बांधलं. बायकोच्या क्लाससाठी खाली तळघर काढलं. क्लास जोरात सुरू झाला आणि महिन्याभरात शेजारचे दुबेजी फाटकाशी येऊन उभे राहिले.

"भाभीजी, संगीत तो बहुत सुंदर है. पर लड़के की नीट की परीक्षा है."

कांचनताई ओशाळल्या. जितेंद्ररावांना मात्र हुरूप आला. तळघराला जमिनीलगत दोन रोशनदानं, म्हणजे हवेचे झरोके, होती. ती त्यांनी काचेच्या लोकरीनं भरून वरून प्लाय ठोकला. भिंतींना फोम लावला, दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी बसवली. खाली मुलांना गायला बसवून त्यांनी दुबेजींना अंगणात उभं केलं. दुबेजी कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "कमाल है भाईसाहब. चिड़िया तक नहीं बोल रही."

"अहो, पण हवा?" कांचनताईंनी विचारलं.

"एसी लावलाय ना!"

टाकीवाल्या इंजिनिअरनं सांगितल्यावर गाणंवालीनं पुढे काय बोलायचं? विषय तिथेच मिटला.

संध्याकाळी लागोपाठ तीन बॅचेस असत. पहिली लहान पोरांची, सगळी फुलपाखरं. दुसरी जरा मोठ्यांची. तिसरीत शमिका एकटी. सोनागिरीहून स्कूटीवर यायची. तिचे वडील शैलेंद्र त्याच कारखान्यात होते. सतरा वर्षांच्या त्या मुलीचा आवाज असा होता की कांचनताईंनी पहिल्याच दिवशी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं होतं. तिला निवांत शिकवता यावं, मागे कुणाची घाई नसावी, म्हणून तिला शेवटची वेळ दिली. लाडक्या मुलीला शेवटचा, तुपाचा घास राखून ठेवावा तशी.

आणि नेमकी तीच मुलगी ढेपाळू लागली. बसली की कपाळ चोळायची. षड्ज लावला की पहिले काही क्षण सोनं, मग आवाज थरथरायचा आणि श्वास तुटायचा. तानेच्या मधोमध थांबून ती एसीकडे बघत बसायची. दुसऱ्या बॅचची मुलंही शेवटी शेवटी पेंगत, पण त्यांच्याकडून कांचनताईंची अपेक्षाच नव्हती.

गाण्याच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, यमनचा ख्याल चालू असताना, शमिकानं जांभई दिली. तोंडावर हात होता, पण दिली.

तंबोरा थांबला.

"झोप आली का राजकन्येला? गादी घालू?"

"सॉरी ताई. इथे ना, श्वास पुरत नाही."

"श्वास पुरत नाही की रियाज पुरत नाही?"

"घरी करते मी, पक्का. घरी होतं सगळं. इथेच..."

"म्हणजे माझ्यासमोरच होत नाही! कारणं नकोत मला. गळा दिलाय देवानं, पण छातीत दम नाही तुझ्या. आईबापाचा पेट्रोलचा खर्च तरी वाचव."

कांचनताईंना ती रडेल असं वाटलं होतं. रडली की जवळ घ्यायचं, पाणी द्यायचं, पुन्हा बसवायचं, हे ठरलेलं होतं. गुरुजी असंच करत. पण शमिका रडली नाही. वही पिशवीत घातली, पाया पडली आणि जिना चढून गेली. परीक्षेला बसली नाही. आई पूजाचा फोन आला की कॉलेजचा अभ्यास आहे, सध्या जमणार नाही. "सध्या" या शब्दावर कांचनताईंनी कितीतरी महिने काढले. नंतर चारचौघांत म्हणू लागल्या, "आजकालच्या मुलांना बोललेलं सोसत नाही हो."

पुढच्याच्या पुढच्या दिवाळीत लेक जुई पुण्याहून आली. मोठमोठ्या इमारतींत हवा खेळवण्याची यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत ती इंजिनिअर. दुसरी बॅच सुटायला आणि ती चहा घेऊन खाली उतरायला एकच गाठ पडली. दार उघडताच ती उंबऱ्यातच थबकली.

"आई! काय कोंदट आहे इथे! माणसं बसतात?"

"कोंदट कसलं? एसी चालू आहे की."

"एसी हवा आणत नाही गं. आहे तीच गार करून परत देतो." चहाचा ट्रे खाली ठेवून ती वर गेली आणि बॅगेतून मुठीएवढं एक यंत्र घेऊन आली. माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ते मोजतं. अंगणात त्यावर चारशेच्या आसपास आकडा होता. तळघरात तो चढत चढत पाच हजारांवर गेला आणि तिथेच थांबला, कारण त्यापुढे त्या यंत्राला मोजताच येत नव्हतं.

"बाबा, खाली या जरा," जुईनं हाक मारली. जितेंद्रराव आले. तिनं प्लाय ठोकलेली रोशनदानं दाखवली. "हे तुम्ही केलंत?"

"एक बुडबुडा निघणार नाही," ते सवयीनं म्हणाले. आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

"अशा हवेत डोकं जड होतं, गुंगी येते, दम लागतो. गाणाऱ्याला तर जास्तच. पहिल्या बॅचला कमी, दुसरीला जास्त, शेवटच्या माणसाला सगळ्यांची उष्टी हवा." मग तिनं आवाज खाली आणला. "हिवाळ्यात इथे कधी शेगडी नाही ना पेटवलीत?"

नव्हती पेटवली. फोमला धग लागेल म्हणून जितेंद्ररावांनी ऐन वेळी विजेचा हीटर आणला होता.

"नशीब. पेटवली असती तर कोळशाच्या विषारी वायूला वासही आला नसता. मला विचारायचं होतंत बाबा. आवाज अडवून हवा खेळवता येते. आतून फोम लावलेली वळणाची नळी घालायची. हवा वळते, आवाज वळणात मरतो."

कांचनताईंचं पुढचं कशाकडे लक्ष नव्हतं. त्या शेवटच्या बॅचच्या सतरंजीकडे बघत होत्या.

रोशनदानं जितेंद्ररावांनी स्वतःच फोडली. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. एका बाजूला खालून ताजी हवा घेणारी नळी, समोर वरच्या कोपऱ्यात पंखा. दुबेजींचा मुलगा एव्हाना कॉलेजात पोचला होता. ते कुंपणावरून ओरडले, "रिसबूड साहब, अब छेद कर रहे हैं?" जितेंद्ररावांनी मान वर केली नाही.

पंखा फिरू लागला तेव्हा कांचनताई रिक्षा करून सोनागिरीला गेल्या. वाटेत वाक्यं जुळवली: चूक तुझी नव्हती. आता खोली नीट आहे. उद्यापासून ये. वेळ तू म्हणशील ती.

दार शमिकानंच उघडलं. वाकून नमस्कार केला, पाणी आणलं. पूजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कांचनताईंनी सगळं सांगितलं. यंत्राचा आकडा, नळी, पंखा. शमिका खाली बघत ऐकत होती.

"मला वाटायचं, मी तुम्हाला घाबरते म्हणून होतं ते," ती म्हणाली. "घरी टेरेसवर षड्ज लांब लागायचा ताई. मोजायचे मी. मग तुमच्याकडे आले की गायब. मला वाटलं, मुळात आपल्यातच खोट आहे."

"अगं, मग सांगायचं नाहीस का?"

शमिकानं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच कांचनताईंना सोसवेना.

"सांगितलं होतं, ताई."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पण पूजा हलली नाही.

"तू पुन्हा ये," कांचनताई कशाबशा म्हणाल्या. "गच्चीवर बसू हवं तर."

"तुम्ही आलात, सांगितलंत, खूप बरं वाटलं. खरंच. खोट नव्हती एवढं कळलं." ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "पण आता नको. सूर लावायला गेले की आधी छातीकडेच लक्ष जातं. गाणं नंतर येतं. तसं नाही गाता येत ना."

गुरुजींच्या शिष्येकडे यावर उत्तर तयार होतं. बस, लाव षड्ज, मी सांगते तसं कर. ते वाक्य कांचनताईंच्या ओठांपर्यंत आलं. या वेळी त्यांनी ते गिळलं, शमिकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घालायला वाकल्या.

पूजा खालपर्यंत पोचवायला आली. "राग मानू नका ताई," ती म्हणाली, "घरात गुणगुणतसुद्धा नाही ती आता."