वलांडीखालचं वाचन

आमच्या कोळीवाड्याजवळच्या वाचनालयात काकीने वाचलेलं पुस्तक डोळे मिटूनही ओळखता यायचं. त्याला सुक्या बोंबलाचा वास असायचा. पानाची खूण म्हणून ती सरळ एक सुका बोंबील पुस्तकात घालून ठेवायची. वाचनालयातले गृहस्थ आधी रागावले, मग त्यांनी विनवण्या केल्या, शेवटी हरले. ते पुस्तक दुसरं कोणी घरी नेईना. तेव्हा ते म्हणाले, काकी, हे आता तुम्हीच ठेवा. अशी परत न घेतलेली पुस्तकं साठत साठत तिच्या माळ्यावर एक ट्रंक भरली. सगळा वाडा तिला बुकवाली काकी म्हणायचा. त्यात थोडी थट्टा असायची. ती मात्र ते नाव पदवीसारखं मिरवायची.

रेवसच्या धक्क्यावरून चालत दहा मिनिटांवर मासळी सुकवायची आमची खळी. तिथे बांबूंच्या उंच वलांड्या उभ्या असतात आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले असतात. दिवसभर त्यांची राखण करावी लागते, नाहीतर कावळे फडशा पाडतात. गुडघे गेल्यावर काकीने टोपल्या उचलणं सोडलं आणि ही राखण घेतली. एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात पुस्तक. घरी टीव्ही, नातवंडं, माशांची निवडानिवड. तिथे तिला कोण वाचू देणार? तिचं सगळं वाचन झालं ते या वलांडीखालीच. हंगाम संपून पावसाळा लागला की ती उदास व्हायची. लोकांना वाटायचं, धंदा बंद म्हणून.

वाचलेलं ती शेजारच्या बायांना सांगायची, पण तिचा निवाडा आधी यायचा. एका कादंबरीतली नायिका पन्नास पानं रडत होती. काकी म्हणाली, "हिला दोन दिस आपल्या खळ्यात आना. रडायला सवड कुठनं मिळते बघू." ऐन रंगात आलेली गोष्ट ती कावळा दिसला की टाकून उठायची आणि परत येऊन भलत्याच ठिकाणापासून सुरू करायची. बाया चिडायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच जवळ बसायच्या.

ती माझी सख्खी काकी नव्हे. शेजारच्या घरातली. मी मुंबईत नोकरीला, आई गेल्यापासून आमचं घर बंद. महिन्याकाठी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून मी यायचे ती काकीच्या ओट्यावर बसायला. एकदा तिने पुस्तक हाताच्या अंतरावर धरलेलं पाहिलं, मग आणखी दूर, मग मिटलेलंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी बारीक अक्षर लागत नव्हतं. ती म्हणाली, "बाय, अक्षर मोठं होनारं बुक मिळतं म्हनतात. मना तसलं आन."

मी उत्साहाने कामाला लागले. पहिल्यांदा तिच्या सुनेच्या, सुनंदाच्या, मोबाईलवर एक पुस्तक उघडून दिलं. भर दुपारच्या उन्हात काकीने तो डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "ह्यात मना माझंच थोबाड दिसतंय. त्ये मी रोज बघते." पुढच्या खेपेला ऑफिसातल्या मैत्रिणीचा टॅब्लेट नेला. तो जड. एका हातात काठी, म्हणून तो दुसऱ्या एकाच हाताने पेलावा लागायचा. शिवाय तिचे हात ओले, खारट. बोट लावलं की पानं आपोआप चार चार पुढे पळायची. शेवटी ई-इंकचा रीडर घेतला. कागदासारखा पडदा, उन्हात उलट जास्तच स्पष्ट. वजनाला हलका आणि कडेला पान उलटायची बटणं, म्हणजे पडद्याला हात लावायलाच नको. काकीने अंगठ्याने बटण दाबलं, पान उलटलं. पुन्हा दाबलं. मग म्हणाली, "आता जा तू. मना वाचू दे."

ॲपचा घोळ वेगळा. एका ॲपमध्ये मराठी पुस्तकं ढीगभर, पण अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याबाहेर जायच्या. दुसऱ्यात सगळं नीट, पण काकीच्या आवडीची पुस्तकंच नाहीत. तिसरं जुळलं. त्यात वर्गणी भरली की हवी तेवढी पुस्तकं उतरवून घेता येत, मग नेट लागत नसे. खातं मात्र मी माझ्याच नावाने उघडलं. तिचा ईमेल काढा, पासवर्ड ठरवा, तो तिला शिकवा, एवढा वेळ मला नव्हता. पाचची लाँच गाठायची होती. इथे पहिली चूक झाली.

दुसरी चूक म्हणजे ट्रंक. घराचं छप्पर बदलायचं होतं, माळा रिकामा करायचा होता. काकी ट्रंकेवर हात ठेवून बसली होती. मीच म्हटलं, आता ही ओझी कशाला, सगळं या यंत्रात आहे. माझ्या शब्दावर तिने पुस्तकं काढली. शाळेने चार घेतली. बाकीची रद्दीत गेली.

त्यानंतर तो एक हंगाम काकीने इतकं वाचलं, की मला फोन करून ती पुस्तकांतल्या माणसांच्या तक्रारी सांगायची. कोणी हुंडा मागितला, कोणी आईला टाकलं. मला ऑफिसात बसून हसू यायचं. तसे फोन मला पुन्हा कधी कोणाचे आले नाहीत.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी नवा मोबाईल घेतला. रेवसची लाँच चुकली म्हणून मांडव्याच्या जेट्टीवर बोटीची वाट पाहत उभी असताना ॲप उघडलं, तर ते म्हणालं, उपकरणं जास्त झाली, एक काढा. यादीत तीन नावं होती. त्यातलं एक नुसते आकडे आणि अक्षरं. काहीतरी जुनं असेल म्हणून मी ते काढलं. बोट लागली, मी चढले.

तो काकीचा रीडर होता. पुढच्या वेळी घरच्या वायफायशी त्याची गाठ पडली तेव्हा सगळी पुस्तकं गेली आणि पडदा पासवर्ड मागू लागला. मला हे कळलं नाही. काकीचे फोन थांबले, तेव्हा मी समजले की ती वाचनात बुडाली असेल. मीही आधी ऑफिसच्या कामात, मग मार्चअखेरचे हिशेब बंद करायच्या गडबडीत होते, गावाला फिरकले नाही. आले ती थेट मे महिन्यात. ती वलांडीखाली बसली होती, रीडर मांडीवर. मी विचारलं, काय वाचताय? म्हणाली, "चाललंय." मी वाकून पाहिलं. पडद्यावर माझा ईमेल आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. त्या क्षणी मला जेट्टीवरची ती यादी आठवली.

मी पासवर्ड घातला. पुस्तकं परत आली. काकीचा चेहरा जो उजळला, तो पाहून तरी मी बोलायला हवं होतं. ती हळूच म्हणाली, "माझ्या हाताचं मीठ लागलं वाटतं त्याला. तुझी एवढी म्हागाची वस्तू. तुला कसं सांगनार, म्हून गप ऱ्हायले."

आणि मी म्हटलं, "हो, जरा जपा काकी."

एवढंच. चार शब्द. खरं सांगायला तेवढेच शब्द पुरले असते. पण मला तिच्या नजरेतली हुशार, काळजी घेणारी मुलगी व्हायचं होतं आणि ती मी राहिले.

काकीने ते फार मनावर घेतलं. पुढच्या हंगामात तिने रीडर खळ्यात आणलाच नाही. घरी, आंघोळ करून, साबणाने हात दोनदा धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून मगच ती तो हातात घ्यायची. म्हणजे बहुतेक दिवस घ्यायचीच नाही. वलांडीखाली ती नुसती बसायची. बाया विचारायच्या, काकी, पुढे काय झालं? ती म्हणायची, वाचलं न्हाय. मी हे पाहत होते. दोनदा तोंडापर्यंत आलं, दोन्ही वेळा लाँचची वेळ झाल्याचं निमित्त मिळालं.

पाऊस सुरू व्हायच्या आत काकी गेली. झोपेतच.

दिवसकार्य झाल्यावर सुनंदाने रीडर माझ्यापुढे ठेवला. स्वच्छ, ओरखडाही नाही. म्हणाली, आईंनी फार जपला हो. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. जेट्टी, यादी, मी म्हटलेलं ते वाक्य. तिला माझा राग आला असणारच, आणि तो येणं बरोबर होतं.

मग ती म्हणाली, "तेव्हाच बोलली असतीस, तर आईंनी तुला चार शिव्या घातल्या असत्या. आनि बुक घेऊन परत उन्हात जाऊन बसल्या असत्या."

काकीच्या शिव्या मला पाठ आहेत. लहानपणापासून ऐकलेल्या. हल्ली रेवसला उतरून खळ्याजवळून जाताना मी पाय हळू टाकते. वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, राखणीला दुसरीच कोणी बसलेली असते. त्या चार शिव्या मी कुणाकडून ऐकू?