तीन ते सहा मण

कापलेल्या ज्वारीच्या ताटांचा गोडसर वास आला, की लढाईच्या काळातलं सोनगीरजवळचं आमचं शेत आठवतं. लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीने घालायचं धान्य ठरवायला आलेल्या पाहणीवाल्याने चिठ्ठ्या टाकून गावातल्या शेतांचे मोजके तुकडे निवडले, दोरीने मापून कापले आणि दाणे तोलले. “एवढ्यावरून एकरी तीन ते सहा मण म्हणता येईल, आबा. नेमकं नाही सांगता येत,” तो वडिलांना म्हणाला. “मंग आमनं कितलं धरशात, भाऊ?” वडिलांनी विचारलं. त्याने दोरी गुंडाळली आणि दोन्ही आकडे वहीत लिहून नेले. तालुक्याच्या कचेरीला एकच आकडा हवा होता. तिने सहा धरला. आमच्या कोरडवाहूत जेमतेम तीन पिकले होते. लेव्हीची गाडी भरून गेली आणि आई कणगीच्या तळाचे दाणे हाताने गोळा करत बसली. आता घरात धान्याला तोटा नाही, तरी भाकरी थापायच्या आधी मी डब्यात हात घालून तळ चाचपते.