वरच्या अंगाच्या सळया

माझं काम काय, हे माझ्या नातेवाइकांना अजून नीट कळलेलं नाही. नाशिकला गेले की मावशा विचारतात, भिंतीत काय शोधत असतेस गं, सोनं? मी म्हणते, लोखंड. मग त्यांचा रस संपतो आणि विषय चहावर जातो.

काँक्रीटला ड्रिल किंवा कटर लावण्याआधी आतल्या सळया कुठे आहेत ते शोधून द्यायचं, हे माझं काम. सिल्वासात कारखान्यांना तोटा नाही, आणि कारखाना म्हटला की रोज कुणाला तरी कुठे तरी भोक पाडायचं असतं. केबल न्यायची असते, पाइप न्यायचा असतो, मशीनचे बोल्ट रोवायचे असतात. अंदाजाने ड्रिल मारला आणि सळई कापली गेली, तर इमारतीची तेवढी ताकद गेली, आणि कापणारा तोवर दुसऱ्या साइटवर पोचलेला असतो. माझं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं, खाली चार चाकं. लादीवरून फिरवलं की सळईच्या वर आल्यावर ते वाजतं आणि सळई किती खोल आहे ते पडद्यावर दाखवतं. मी निळ्या खडूने रेघा मारत जाते. रेघेवर भोक नको, दोन रेघांच्या मध्ये चालेल, इतकं ते सोपं आहे.

नवरा म्हणतो, तुला काळजी करायला कारण लागत नाही. खरं आहे. गॅस बंद केलाय का हे बघायला मी वापीच्या रस्त्यावरून दोनदा परत आलेली बाई आहे. पण या धंद्यात माझा हा स्वभाव कामाला येतो, त्यामुळे मी तो बदलायच्या भानगडीत पडले नाही.

नवराही सिव्हिलचाच. डिप्लोमाला आम्ही एकाच वर्गात होतो. माझ्याआधी तो इथे नोकरीला आला, आणि नरोलीत त्याने एकट्याने उभी केलेली पहिली इमारत म्हणजे कामगारांना भाड्याने द्यायची एक चाळ. खाली दहा खोल्या, वर दहा खोल्या, आणि वरच्या खोल्यांपुढे चार फूट रुंद लांबलचक गॅलरी. लग्नानंतर त्याने मला फिरायला म्हणून नेलं ते या चाळीसमोर. बाकीच्या बायकांना दमणचा समुद्र दाखवतात, मला स्लॅब दाखवला, असं मी त्याला पुढे कितीतरी वर्षं चिडवत आले. त्यावर तो म्हणायचा, समुद्र मी बांधला नव्हता ना.

मागच्या वर्षी हिवाळ्यात त्याच चाळीच्या मालकाचा मला फोन आला. वरच्या प्रत्येक खोलीत त्याला छोटी मोरी करून द्यायची होती. सांडपाण्याचे पाइप गॅलरीतून खाली सोडायचे, म्हणून भिंतीलगत दहा भोकं पाडायची. भोकं पाडणारा दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, जा, माझं काम बघ जरा.

मी सकाळी नऊला पोचले. पहिल्या पाळीचे लोक सातलाच गेलेले, वर फक्त बायका आणि लहान मुलं. शेवटच्या खोलीतली बाई शहाद्याकडची होती. मी गुडघ्यांवर बसलेली बघून तिने मला बसायला पोतं आणून दिलं आणि तिथेच उभी राहून बोलत राहिली. मी यंत्र फिरवायला लागले. ते वाजेना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गॅलरी भिंतीतून बाहेर आलेली असते, खालून तिला खांब नसतो. तिचं बाहेरचं टोक सतत खाली जायला बघतं. म्हणून तिला मागे ओढून धरणाऱ्या सळया लागतात, आणि त्या काँक्रीटच्या वरच्या अंगाला असाव्या लागतात, भिंतीपासून बाहेरच्या टोकापर्यंत. त्याच सळया खालच्या अंगाला गेल्या, तर त्यांचा गॅलरीला काही उपयोग नाही. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. मी आणि तो एकाच बाकावर होतो.

पहिल्यांदा मी यंत्राला दोष दिला. बॅटरी बदलली. मग वाटलं, वर लादी आहे, लादीखाली सिमेंट-वाळूच्या मालाचा थर आहे, त्याची जाडी धरायला हवी. कडेला जाऊन टेपने मोजलं. लादी आणि थर मिळून दोन इंच, खाली पाच इंचांचा स्लॅब. तेवढी खोली धरूनही सळई वरून मिळायला हवी होती. मिळत नव्हती. मी खाली गेले, स्टूल मागून घेतलं आणि गॅलरीच्या खालच्या बाजूने यंत्र लावलं. ते लगेच वाजलं. एक इंचावर सळई, सहा इंचांनी दुसरी, सहा इंचांनी तिसरी, अगदी शिस्तीत. पहिल्या खोलीपासून दहाव्या खोलीपर्यंत मी स्टूल सरकवत गेले आणि प्रत्येक ठिकाणी तेच. सगळ्या सळया खालच्या अंगाला होत्या.

पुन्हा वर आले तेव्हा भिंत आणि लादी यांच्या सांध्यात पांढऱ्या सिमेंटने भरलेली फट दिसली. सकाळी ती माझ्या नजरेसमोरच होती, मी तिला साधी डागडुजी समजले होते. आता ती सरळ, लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली दिसली. शहाद्याची बाई कठड्याला टेकून केस विंचरत होती. तिच्या खांद्यावर मूल होतं.

आणि मी काय केलं? मालक आला तेव्हा मी खोटं बोलले. म्हणाले, यंत्रात बिघाड आहे, उद्या सकाळी परत येते, तोवर भोकं पाडू नका. भोकं थांबवली, याचं मी स्वतःला समाधान देत घरी आले. पण गॅलरीवर माणसं होतीच. तीन वाजता पाळी सुटणार होती, सगळे वर जाणार होते, कठड्याला टेकून उभे राहणार होते, एकमेकांच्या दारात बसून जेवणार होते. हे सगळं माहीत असून मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर त्यातून माझ्या नवऱ्याचं नाव बाहेर पडलं असतं. ती रात्र त्या लोकांनी तिथेच काढली. काही झालं नाही, म्हणून माझी चूक लहान होत नाही.

संध्याकाळी तो आला. चहा पुढे ठेवून मी सांगितलं. आधी तो हसला. मग म्हणाला, तुझं यंत्र दुरुस्तीला टाक. मी खालून घेतलेली मापं पुढे ठेवली. तो चिडला. मी तिथे होतो, म्हणाला, काँक्रीट पडत होतं तेव्हा सकाळपासून मी स्लॅबवर उभा होतो, सळया वरच होत्या, मी स्वतः मोजून घेतल्या होत्या, मला शिकवू नकोस. आमच्या घरात एवढ्या मोठ्या आवाजात तो सहसा बोलत नाही. मीही गप्प बसणाऱ्यांतली नाही, मी विचारलं, सळयांखाली टेकायला चेअर किती ठेवले होते? वरच्या सळया खाली बसू नयेत म्हणून त्यांच्याखाली वाकवलेल्या सळईचे छोटे घोडे ठेवतात, त्यांना साइटवर चेअर म्हणतात. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ गाडी पुसत बसला.

सकाळी मला जाग आली तेव्हा तो तयार होऊन बसला होता. पायाशी छिन्नी आणि हातोडा. चल, म्हणाला, डोळ्यांनी बघू.

वाटेत मी मनातल्या मनात देवाला विनवत होते की माझं यंत्र खोटं ठरू दे. या यंत्रावर माझं पोट आहे, आणि त्या सकाळी मला ते खोटं ठरायला हवं होतं.

शेवटच्या खोलीसमोर, भिंतीलगत, त्याने एक लादी उचकटली. मी शेजारी बसून मालाचा चुरा हाताने बाजूला करत होते. थर निघाला, मूळ काँक्रीट लागलं. तो सावकाश छिन्नी चालवायला लागला. एक इंच. इथे सळई दिसायला हवी, असं तो स्वतःशीच म्हणाला. दिसली नाही. दीड इंच. दोन. मधेमधे तो फुंकर मारून वाकून बघायचा. कपाळावरचा घाम खड्ड्यात पडत होता. अजून थोडं, तो म्हणाला. अडीच. अजून थोडं. आवाज अजून दगडाचाच येत होता. साडेतीन इंचांच्या पुढे छिन्नी खणकन वाजली.

मला वाटलं, आता हा रडेल किंवा ओरडेल. त्याने हातोडा हळूच खाली ठेवला, अगदी आवाज न करता, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू उठ. आत जा, खोलीत."

मी म्हटलं, आणि तू? तो म्हणाला, आधी तू. त्याच्या आवाजात असं काही होतं की मी वाद घातला नाही. उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिले. शहाद्याच्या बाईने मला हाताला धरून खाली बसवलं. तो बाहेरच बसून होता, खड्ड्यावर हात ठेवून. मग बोलला. चेअर कमी पडले होते, काँक्रीटचा माल येऊन उभा होता, थांबवायची हिंमत झाली नाही. माणसं घमेली घेऊन सळयांवरून ये-जा करत होती. "आणि सगळ्यात जास्त मी चाललो त्यांच्यावरून," तो म्हणाला. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नीट होतंय ना ते बघायला."

त्यानंतरचं सगळं त्याने केलं. मालकाला खाली बोलावलं आणि सरळ सांगितलं. मालकाला ते पटेना. त्याचं म्हणणं एकच, इतकी वर्षं उभी आहे, कंई नथी थयुं, काही झालं नाही, आता कशाला लोकांना घाबरवता. नवऱ्याने त्याला वर नेलं नाही, खालून फट दाखवली, खड्ड्याचा फोटो दाखवला, आणि गॅलरी भिंतीपासून कशी सुटते ते स्वतःचा हात पुढे करून समजावलं. मालकाने खुर्ची मागवून घेतली आणि तो बसून राहिला. नाही म्हणाला नाही, एवढंच. गॅलरीखाली लावायला लोखंडी टेकू हवे होते. नवऱ्याने खडोलीच्या एका साइटवर फोन केला. टेम्पो चारपर्यंत पोचेल, असं तिथून कळलं. पाळी तीनला सुटणार होती.

आधी वरच्या खोल्या रिकाम्या केल्या. जिना एका टोकाला, गॅलरीशिवाय दुसरी वाट नाही. एका वेळी एकच जण, भिंतीला घासून, कठड्याकडे बघायचंही नाही. नवरा प्रत्येक दारापर्यंत स्वतः जायचा आणि मूल कडेवर घेऊन यायचा. मी जिन्यावर उभी राहून मोजत होते. प्रत्येक फेरीला मला वाटायचं, ही शेवटची. एकदा तर मी त्याला हाक मारून म्हटलं, तू पुन्हा जाऊ नकोस, त्या बाईला तिचं ती येऊ दे. एका बाळंतिणीबद्दल मी हे बोलले. त्याने ऐकलं नाही, ते बरं झालं. शहाद्याची बाई सगळ्यात शेवटी उतरली, कारण तिला डाळ उतरवून गॅस बंद करायचा होता.

तीन वाजून गेले आणि फाटकाकडून माणसं यायला लागली. दमलेली, डबे हातात, कुणाला आंघोळ करायची घाई, कुणाला झोपायची. टेम्पोचा पत्ता नव्हता. नवरा जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवा उभा राहिला. मालक खुर्चीवरून उठून त्याच्या कानाशी काही तरी सांगायला लागला, बहुतेक दुरुस्ती चालू आहे एवढंच सांगा असं. मलाही तेच हवं होतं, खरं सांगायचं तर. दुरुस्ती म्हटलं असतं तरी लोक थांबले असते. नाव सांगायची काही गरज नव्हती.

"वर कुणी जायचं नाही," तो मोठ्याने म्हणाला, आधी मराठीत, मग हिंदीत. "गॅलरी पडू शकते. ही गॅलरी मी बांधलीय."

क्षणभर कुणाला कळेना. मग पुढचा एक उंच माणूस, शहाद्याच्या बाईचा नवरा होता तो, डबा या हातातून त्या हातात घेत हसला. त्याला वाटलं, साहेब उगाच घाबरतायत, त्यांना धीर द्यावा.

"साहेब, तुम्हीच बांधेल आहे ना?" तो म्हणाला. "मंग भ्यायचं काय त्याच्यात?"

माझ्या नवऱ्याने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"म्हणूनच," तो म्हणाला.

त्या माणसाचं हसू गेलं. त्याने वर बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं, आणि एक पायरी चढून, लोकांकडे तोंड करून, त्याच्या शेजारी जिन्यात आडवा उभा राहिला.