हशाला सोडलेली जागा

पुढे बोलपटांत एवढा गाजलेला क्लेमेंट, त्याची पहिल्याच सिनेमात कशी वाट लागली होती ते ऐका.

गडी मरोळ गावठाणातला. चर्चच्या सणाला उघड्यावर नाटक व्हायचं, त्यात विनोदी काम ठरलेलं त्याचंच. तिथून गिरगावातल्या एका नाटक मंडळीनं त्याला उचललं आणि पठ्ठ्यानं थिएटरं दणाणून सोडली. युक्ती एकच. वाक्य टाकायचं, थांबायचं, हशा पुरता ओसरू द्यायचा, मग पुढचं. हशावर बोलला तो कसला विनोदी नट!

चोपन्न साली अंधेरीच्या एका स्टुडिओत त्याला बडबड्या न्हाव्याचं काम मिळालं. मंडळीचे मालक भडकले. "सिनेमात जातोस? जा. तुझ्या जागी दुसरा घेतला म्हणून समज." आणि घेतलाच. म्हणजे आता सिनेमातून हाकललं, की तोंडाला रंग लावायचे दिवस संपले.

कॅमेरा सुरू झाला. क्लेमेंटनं फर्मास वाक्य टाकलं आणि सवयीनं थांबला. पण हसणार कोण? शूटिंग चालू असताना हसायची बंदी! लाइटवाले तोंडात रुमाल कोंबून उभे.

"कट! अहो, वाक्य विसरलात काय?" दिग्दर्शक श्यामकांत ओरडले.

"नाही साहेब, लोकांचं हसू थांबायची वाट बघतोय."

"कुठले लोक?"

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. हाडात मुरलेली सवय ती, एका दिवसात थोडीच जाते! शेवटी श्यामकांतांनी कपाळाला हात लावला. "उद्या असंच झालं तर दुसरा नट बोलावतो."

घरी त्याची बायको मॉनिका बोंबील साफ करत होती. हा रडकुंडीला आलेला. "संपलं गं सगळं."

"संपलं काय? थांबायचं तर थांब ना, पण रिकामा कशाला थांबतोस? न्हावी कधी रिकाम्या हातानं उभा राहतो का? हात चालव की रे!"

दुसऱ्या दिवशी वाक्य टाकलं आणि लगेच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर सपासप! साबण फासलेलं गिऱ्हाईक खुर्चीत आक्रसलं. क्लेमेंटनं धार डोळ्यांसमोर धरली, नाक मुरडलं, पुन्हा सपासप. मग सावकाश पुढचं वाक्य. झकास! श्यामकांत कट म्हणायचंच विसरले.

पण खरी परीक्षा सिनेमा लागला तेव्हा, घाटकोपरच्या थिएटरात. क्लेमेंट मॉनिकाला घेऊन पुढच्या रांगेत बसला. न्हाव्यानं पहिलं वाक्य टाकलं आणि छप्पर उडेल असा हशा उठला. पडद्यावर वस्तरा चालला होता, गिऱ्हाईक थरथरत होतं, लोक पोट धरून हसत होते. हशा ओसरला आणि नेमकं तेव्हाच न्हाव्यानं तोंड उघडलं. एक शब्द बुडाला नाही.

क्लेमेंट खुर्चीत अर्धवट उभा राहून, मागे वळून लोकांचीच तोंडं बघत होता. गालांवरून घळाघळा पाणी.

"अरे, पडद्याकडे बघ ना," मॉनिकानं त्याला ओढलं.

"ते मी केलंय गं," तो म्हणाला. "हे बघू दे."