कारखान्याची माती

सावळीराम पगारेला भलत्याच गोष्टींचं कुतूहल. घरामागचं गटार शेवटी कुठे जातं हे पाहायला त्यानं एकदा नाशिकच्या अर्ध्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. तो ओझरच्या विमान कारखान्यात फिटर आणि आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी. मी चेअरमन, म्हणजे सह्यांपुरता. डोकं त्याचंच चालायचं.

१९८३ साली धातूंना रसायनांनी मुलामा देणाऱ्या एका बंद पडलेल्या प्लेटिंग कारखान्याची जागा आम्हाला स्वस्तात मिळत होती. इतकी स्वस्त का, हा प्रश्न फक्त सावळीरामला पडला. त्यानं जागेच्या चारही कोपऱ्यांतली माती चार डब्यांत भरली आणि मेथी पेरली. तीन डबे हिरवेगार झाले. नाल्याकडच्या डब्यात एक दाणा रुजला नाही.

डबे दाखवले, तर कारखान्याचा मालक तयारच होता. "तेवढी माती मी उचलतो. पण यापुढे आमच्यावर जबाबदारी नाही, असं लिहून द्या." आम्ही हसत हसत लिहून दिलं. डोळ्यांसमोर घरं दिसत होती, मातीकडे कोण बघतो!

बघितलं सावळीरामनं. मातीची ट्रॉली निघाली तसा तो सायकलवरून तिच्या मागे गेला, थेट सायखेडा गावापर्यंत. तिथे चिमणाबाई नावाच्या एका शेतकरी बाईंच्या शेतातल्या खोलगट तुकड्यात ती रिकामी झाली.

"भरावाला माती पायजे व्हती, फुकट भेटली. लय बरं झालं," बाई खुशीत म्हणाल्या.

"बाई, यात काही पेरू नका. ही माती विषारी आहे. आम्ही परत नेतो."

बाई म्हणाल्या, "तोंडी नको, भाऊ. नेणार कोन, ते लिहून द्या."

त्याच संध्याकाळी सभा भरली. "सोसायटीनं लिहून दिलं, तर उद्या ते शेत नापीक झालं तरी आपल्याच गळ्यात पडेल," असं मीच म्हणालो. "टाकली मालकानं, तो निस्तरेल."

"मालकाला तर आपणच मोकळं केलंय," सावळीराम म्हणाला. तरी सोसायटीचा शिक्का मारायचा नाही, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तो सायखेड्याला निघाला, तेव्हा मीही सोबत गेलो. खरं सांगायचं तर पहारा द्यायला गेलो, कारण शिक्का त्याच्या पिशवीत होता.

चिमणाबाईंच्या ओट्यावर बसून त्यानं लिहिलं, 'ही माती मी उचलून नेईन. शेताचं नुकसान झालं तर मी भरून देईन.' खाली फक्त स्वतःची सही केली. मला एकदम हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

चिमणाबाईंनी कागद माझ्यापुढे धरला. "दादा, साक्षीदार म्हनून तुमची सही करता का?"

चष्मा घरी राहिला, असं मी म्हणालो. तो माझ्या शर्टाच्या खिशात होता, आणि बाई खिशाकडेच बघत होत्या.