कोर्टबाईंचा दिवा

"दिवा पुन्हा मंद झालाय," सासूबाई वखारीच्या मालकांवर डाफरल्या. "दिवाळं निघालंय का तुमचं?"

मालकांनी मुकाट्याने आणखी मोठा दिवा लावला. त्याची धग एवढी, की टेबलावरच्या मालाचा वास सुटला आणि दारात मांजरं ठाण मांडून बसली.

माल म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. ती वाळवून सुपासाठी परदेशी पाठवतात. धंद्यात तिला भोत म्हणतात. भोत दिव्यासमोर धरायचा, नराचा जाड की मादीचा पातळ ते बघायचं, रक्ताचा डाग शोधायचा आणि अव्वल, दुय्यम, बाद असा निकाल द्यायचा. सासूबाईंचा निकाल कधी फिरत नसे, म्हणून सगळे त्यांना कोर्टबाई म्हणत.

समोर बसणाऱ्या सुनेला मात्र दिव्याचं खरं दुखणं कळलं होतं. सासूबाईंचे डोळे अधू झाले होते. मादीचा माल नराच्या ढिगात जात होता, आणि सून गुपचूप तो परत काढत होती. आज दुपारी गिऱ्हाइकाचा माणूस पेट्या उघडून बघणार होता. मालकांनी तिला बाजूला घेऊन बजावलंच होतं, "एक जरी चुकीचा निघाला, तर कोर्टबाईंची खुर्ची गेली."

तिने सासूबाईंच्या अव्वल ढिगातून डागाचा एक भोत हळूच उचलला. मनगटावर चापट बसली.

"माझा निकाल फिरवतेस?"

"आई, डाग आहे त्याला."

"कुठाय?"

"हा काय, बोटाएवढा!"

सासूबाईंनी भोत नाकाला लागेपर्यंत जवळ नेला. सुनेला वाटलं, आता रडतात.

"कधीपासून झाकतेयस?"

"चार-सहा दिवस झाले."

"आणि मी दिव्याला शिव्या घालतेय!" त्या एकदम हसत सुटल्या. मग सुनेने निवडलेल्या अव्वल ढिगातले दोन भोत उचलून डोळे मिटले आणि एकमेकांवर आपटले. थप्प.

"ऐकलंस? वाळला की टक् वाजतो. यातला एक आतून ओला आहे. पेटीत बुरशी धरली असती, बाईसाहेब!"

सुनेची जीभ दाताखाली गेली. "म्हणजे चुकलो दोघीही."

"डोळे तुझे, कान माझे. सरक इकडे."

दोघी एकाच बाकावर दाटीवाटीने बसल्या. एक बघायची, एक वाजवायची. सगळ्या पेट्या पुन्हा उपसल्या. दुपारी गिऱ्हाइकाच्या माणसाने खालपर्यंत हात घातला, नाक खुपसलं आणि सगळ्या पेट्यांवर शिक्के मारले.

"मालक," कोर्टबाई उठत म्हणाल्या, "हा दिवा उतरवा, आधीचा लावा. मांजरांची सुनावणी मी घेणार नाही." मग सुनेच्या कानाशी लागल्या, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझा नंबर लाव. पण वेळ सकाळची माग. दुपारी कोर्ट असतं."